मिरजगावचा गुंठा

"औंदा तुमचं बी दुसऱ्या कुनाच्या तरी पदरात घाला, सायेब. माज्या हिरीला पानी न्हाई," असं राहीबाई म्हणाली आणि मी हसलो. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. बहात्तर सालचा ऑगस्ट चालू होता. पाऊस मृगात एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच होता, आणि नगरच्या माळीवाडा स्टँडवरच्या हॉटेलवाल्यांनी चहाआधी पाण्याचा पेला ठेवायचं बंद केलं होतं. पण त्या सकाळी मी खुशीत होतो. छापखान्यातून अहवालाच्या प्रतींचे गठ्ठे नुकतेच जीपमध्ये चढवले होते, शाईचा वास बोटांना होता, आणि मुखपृष्ठावर मी होतो. पांढरा बुशशर्ट, किंचित वाकलेला, हसरा. समोर राहीबाई पदर पसरून उभी, आणि माझ्या ओंजळीतून तिच्या पदरात ज्वारीचं बी पडतंय. फोटो नगरच्या फक्रुद्दीनने काढलेला. पडणारं बी त्याने हवेतच पकडलं होतं, त्याचं मला फार कौतुक होतं. आणि तीच राहीबाई मिरजगावच्या एस.टी.ची वाट बघत स्टँडवर गाठोड्यावर बसलेली दिसली, तेव्हा मला मोह आवरला नाही. गठ्ठा सोडून एक प्रत काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने लुगड्याला हात पुसून प्रत घेतली, स्वतःकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वर लिहिलेलं ते वाक्य बोलली.

"पाणी कशाला लागतंय, राहीबाई?" मी म्हटलं. "हे कोरडवाहू बी आहे. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येतं, म्हणून तर तुमच्याकडे दिलं."

"बिनपान्याचं कसं येईल वो?" लहान मुलाला समजावावं तशी ती म्हणाली. "पयल्या वर्सी कनीस भाईर पडायच्या टायमाला ताटं मान टाकाय लागली. मग म्या हिरीवरनं घागरी आनल्या. ताटाला एक तांब्या. दर आठ दिसाला. समद्या गुंठ्याला घालूस्तवर दोन दिस मोडायचं. दुसऱ्या वर्सी बी तसंच."

"आणि शेजारच्या गुंठ्यातल्या मालदांडी ज्वारीला?"

"तिला कशाला? ती घरचीच हाय. ऱ्हाती ती तशीच."

मी काहीतरी बोललो असणार, कारण ती थोडी रागावल्यासारखी झाली. "तुमीच म्हनला हुता की, लेकीवानी जपा. कलेक्टर हुते, येवढी मान्सं हुती. मला दोन ल्योक, लेक न्हाई पोटाला. म्हनलं, सायबानं भर सभंत पदरात घातली, आता डोळ्यांम्होरं वाळून कशी जाऊ द्यायची?" मग एस.टी. आली, गर्दी उठली, आणि पायरीवरून मागे वळून तिने विचारलं, "नांदतीया न्हवं चांगली?"

"नांदतेय," मी म्हणालो.

ते खोटं होतं हे म्हणताना मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक झालेलं होतं, पण अजून आत पोचलं नव्हतं. चांदभाईने जीप चालू केली, मनमाड रस्त्याला लागलो, नालेगाव मागे पडलं, आणि मग ते हळूहळू पोटात उतरायला लागलं. मी विद्यापीठाचा संशोधन संचालक. चार वर्षांचं विद्यापीठ, आणि त्यातली माझी तीन. जिल्ह्याच्या कोरडवाहू भागासाठी रब्बी ज्वारीचा नवा वाण हे माझं काम. पारनेर, मिरजगाव आणि विद्यापीठाचं स्वतःचं शेत अशा तीन ठिकाणी दोन वर्षं चाचणी झाली. प्रत्येक ठिकाणी एक गुंठा नव्या वाणाचा आणि शेजारी एक गुंठा लोकांच्या नेहमीच्या मालदांडीचा. दोन्हींना सारखी वागणूक, पाणी कुणालाच नाही. पारनेरला नवा वाण मालदांडीपेक्षा थोडा कमीच भरला. आमच्या शेतावर बरोबरीत राहिला. मिरजगावला मात्र जवळजवळ दुप्पट. त्या एका गुंठ्याने सरासरी वर उचलली होती. उद्या अकरा वाजता समितीची बैठक होती, शिफारस तिथे मंजूर व्हायची होती, आणि परवापासून गोदामातली बियाण्याची पोती पाच तालुक्यांत जायची होती. आणि ते सगळं आकडेशास्त्र राहीबाईच्या डोक्यावरच्या चुंबळीवर उभं होतं.

मिरजगावलाच असं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. मी तो सोडवला होता, हीच तर गंमत. अहवालात त्यावर तीन पानं आहेत. मिरजगावच्या काळ्या जमिनीची खोली, ओल धरून ठेवण्याची तिची ताकद, मुळांची वाढ, सगळं मी सविस्तर मांडलं होतं. मांडताना मला खूप बरं वाटलं होतं. आता गठ्ठ्याला पाठ टेकून बसलो होतो आणि ती तीन पानं पाठीला टोचत होती. एखाद्या बाईने दर आठवड्याला घागरी वाहाव्यात आणि शिकलेल्या माणसाने त्याचं श्रेय मातीला द्यावं, यापेक्षा जास्त मूर्ख मी कधी दिसलो नसेन. चांदभाईने आरशातून बघून विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाय ना? गाडी थांबवू का?" मी नको म्हटलं. तो सतरा वर्षं सरकारी गाड्या चालवत होता, त्याला साहेबांचे चेहरे कळायचे. त्याने गाडी जरा सावकाश घेतली.

तो दिवस मला पुन्हा पुन्हा दिसत होता. सत्तर सालचा पेरणीचा दिवस. मिरजगावच्या त्या शेतात मांडव घातला होता, कारण कुलगुरूंची इच्छा होती की विद्यापीठ लोकांना दिसलं पाहिजे. चार भिंतींतलं संशोधन कुणी विचारत नाही, मुंबईत विचारतात की जिल्ह्याच्या विकासाला तुम्ही काय दिलं. खोटं नव्हतं ते. मीही तेच म्हणत आलो. बी सुधारलं तर दाणा वाढेल, दाणा वाढला की कडबा वाढेल, कडब्यावर जनावर तगेल, आणि जनावर तगलं की माणूस गाव सोडून ऊसतोडीला जाणार नाही, असं मी फळ्यावर बाण काढून दाखवत असे. तर त्या दिवशी पेरणीची पाभर सजवली होती, बैलांच्या शिंगांना रंग होता, पाभरीची ओटी भरून झाली होती, आणि राहीबाई चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे पाभरीच्या नळ्यांत बी सोडायला, पुढे आली. बियाण्याची पिशवी माझ्या हातात होती. ती तिच्या हाती द्यायची, एवढंच काम. पण फक्रुद्दीन म्हणाला, "साहेब, पिशवी नको, ओंजळीने टाका, फोटो झकास येईल." आणि मी ओंजळ भरली, तिने आपसूक पदर पसरला, आणि तो पसरलेला पदर बघून मला शब्द सुचले. शब्द मला नेहमीच सुचतात. "ही विद्यापीठाची लेक तुमच्या पदरात घालतोय," मी माईकवर म्हणालो. "लेकीसारखी जपा." टाळ्या पडल्या. कलेक्टरांनी मान डोलावली. तिने मात्र टाळी वाजवली नाही, तिचे हात गुंतलेले होते. दोन्ही हातांनी पदर आवळून धरून ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, बाई गोंधळली आहे. ती गोंधळली नव्हती. त्या मांडवात माझं म्हणणं खरं मानणारी ती एकटीच होती.

आणि मला हे कळायला नको होतं का? मी काही मुंबईत वाढलेला माणूस नव्हे. ठुब्यांचा श्रीमंत, पारनेरच्या माळरानावरचा. नाव श्रीमंत आणि घरात वर्षातले चार महिने डाळीच्या चुऱ्या-कोंड्याची, कळण्याची भाकरी. आमच्यात पदरात घेतलेली वस्तू खाली ठेवत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको. शिकून मोठा झालो, दिल्लीला जाऊन डॉक्टरेट मिळवली, आणि लहानपणी जे पाहिलं ते भाषणात वापरायला लागलो. वापरायच्या वस्तूचा अर्थ आपल्यापुरता संपलेला असतो. चूक राहीबाईची नव्हती. ती माझ्या तोंडून, माईकवरून, टाळ्यांच्या कडकडाटात झाली होती.

जीप विद्यापीठात शिरली तसा मी कार्यालयात न जाता गोदामाकडे गेलो. पोती छतापर्यंत रचलेली होती. नव्या ज्वारीला एक वास असतो, कोरडा, थोडा गोडसर, नाकात धूळ घालणारा. त्या वासाने मी एकदम सात वर्षांचा झालो. आमच्या घरी बियाण्याची कणसं आई स्वतः निवडायची, अख्ख्या रानात फिरून, एकेक हातात घेऊन. ती आढ्याला टांगलेली असत. एका वर्षी भूक लागली म्हणून मी आणि माझ्या बहिणीने त्यातली सात-आठ कणसं काढून, भाजून खाल्ली. आईला कळलं तेव्हा मी माराची वाट बघत बसलो. तिने मारलं नाही, बोललीही नाही. पेरणीच्या दिवशी ती पाभरीमागे चालली आणि मधली दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, तिने चाड्यावरचा हात उचलून रिकामी सोडली. बियाणं कमी पडलं म्हणून नव्हे, थोडं विरळ पेरलं असतं तर पुरलं असतं. तिने ती मुद्दाम रिकामी ठेवली. मग तो अख्खा हंगाम शाळेत जाताना मी ती दोन काळी तासं बघत होतो. दोन्हीकडे पीक उभं आणि मध्ये काही नाही. लोक विचारत, मालनबाई, हे काय? ती म्हणे, "तितकं न्हवतं म्हनून." माझं नाव तिने कधी सांगितलं नाही. पण जे नव्हतं ते तिने आहे असं दाखवलंही नाही.

छगनला बोलावलं. छगन आमचा कृषी सहायक, मिरजगावच्या गुंठ्याच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. दर पंधरवड्याला तो सायकलवर जायचा. अजून कायम झालेला नव्हता, त्याचा कागद माझ्याच टेबलावर होता. मी विचारलं, "राहीबाई पाणी घालत होत्या, हे तुला माहीत होतं?"

तो पोत्यांकडे बघत राहिला. "व्हय, साहेब."

"मग नोंदीत का नाही?"

"तक्त्यात पावसाचा रकाना आहे. विहिरीचाही आहे. घागरीचा नाही." मग त्यालाच ते अपुरं वाटलं असावं. "आणि साहेब, तुम्हीच जपा म्हणाला होता. मला वाटलं, ते योजनेतच असेल. मी एकदा म्हटलं त्यांना, मावशी, पाणी घालायचं नसतं. त्या म्हणाल्या, तुझ्या साहेबाला सांग येऊन बघायला, पोर कशी मान टाकतीया. तुम्ही त्या वर्षी आला नाहीत."

मी गेलो नव्हतो. मी त्या वर्षी अठ्ठावीस भाषणं केली होती. छगनला म्हटलं, जा, तुझ्यावर काही येणार नाही. तो गेला नाही, दारात उभा राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, यंदा तर कुणाचंच काही उगवणार नाही."

तो साधेपणाने बोलला होता, पण जे मी तासभर मनाच्या कोपऱ्यात दडवून ठेवलं होतं तेच त्याने उघड्यावर आणून ठेवलं. यंदा सगळंच वाळणार. आमचं बी वाळलं तर दोष पावसाचा. कुणी विचारणार नाही, कुणाला शंका येणार नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तर जरा कमी-जास्त येईल, लोक म्हणतील जमिनीचा गुण. तोवर मिरजगावला कोरडवाहू संशोधन केंद्र उभं राहिलेलं असेल, इमारत, प्रयोगशाळा, पन्नास माणसांना काम. हे केंद्र मला हवं होतं. नुसतं माझ्यासाठी नव्हे, खरंच हवं होतं. कर्जत तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या माळावर कुणी तरी बसून दहा वर्षं नेटाने काम केलं तर काहीतरी हाती लागेल, यावर माझा विश्वास होता, अजून आहे. आणि सरकारने स्पष्ट कळवलं होतं, वाण मंजूर झाला तर केंद्र. एका खोट्या आकड्यातून एक खरी गोष्ट उभी राहत असेल तर? मी पोत्यावर बसून हा विचार अगदी शांतपणे केला. त्याची मला लाज वाटली नाही, हे मी लपवत नाही. लाज नंतर वाटली, एका वेगळ्याच गोष्टीने. एका पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले आणि मनात पारनेरच्या एखाद्या माणसाला ते देऊन बघितले. तो मालदांडी सोडून हे पेरेल. घरात पेरण्यापुरतंच बी असतं, दुसऱ्यांदा पेरायला नसतं. त्याला राहीबाई मिळणार नाही. त्याच्या ताटाला कुणी तांब्या घालणार नाही. त्याची तासं रिकामी राहतील, आणि ती बघत शाळेत जाणारं पोर खाल्ल्याशिवायच शिक्षा भोगेल. दाणे मी परत पोत्यात टाकले.

कुलगुरूंना त्या संध्याकाळी भेटून सांगता आलं असतं. रीत तीच. मी मुद्दाम गेलो नाही. ते हुशार आणि मायाळू गृहस्थ होते, त्यांनी मला खुर्ची दिली असती, चहा दिला असता, आणि माझी समजूत घातली असती. माझी समजूत पटकन पटते, हे मला माझ्याविषयी माहीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, पुण्या-मुंबईची माणसं बसलेली असताना, सगळ्यांच्या पुढ्यात त्या फोटोचा अहवाल असताना, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मिरजगावचे दोन्ही वर्षांचे आकडे गाळावेत. तिथल्या नव्या वाणाला पाणी दिलेलं आहे. मालदांडीला दिलेलं नाही. ते गाळले की आपला वाण मालदांडीच्या खाली जातो. शिफारस करता येणार नाही."

कुणी तरी विचारलं, "पाणी कुणी दिलं?" मी सांगितलं, "मी द्यायला लावलं." पुढे आणखी सांगायचं होतं, पदराचं, लेकीचं, पण त्या टेबलावर ते सांगितलं असतं तर पुन्हा भाषण झालं असतं. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. कुणी अहवाल मिटला, कुणी घड्याळ बघितलं. कुलगुरू बराच वेळ मुखपृष्ठ बघत होते. बैठक मोडल्यावर व्हरांड्यात ते एवढंच म्हणाले, "ठुबे, हे काल मला एकट्याला सांगता आलं असतं." मी म्हटलं, "हो, सर." मग ते म्हणाले, "केंद्र गेलं, एवढं लक्षात ठेवा." ते मी विसरलेलो नाही. माझं पद राहिलं. छगन कायम झाला. अहवालाचे गठ्ठे भांडारात गेले, आणि बियाणं म्हणून साठवलेली ज्वारी सप्टेंबरात धान्य म्हणून दुष्काळी कामांवर वाटली गेली. ती जाण्याआधी मी त्यातलं पायलीभर एका पिशवीत काढून ठेवलं. कशासाठी ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

महिनाभर मी मिरजगावला गेलो नाही. काम होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर तिचा प्रश्न माझ्या कानात बसला होता. नांदतीया न्हवं चांगली? शेवटी सप्टेंबर संपता संपता गेलो. घरी कडी होती. शेजारणीने सांगितलं, राहीबाई रस्त्याच्या कामावर हाय. सोलापूर रस्त्याला खडीचे ढीग लागले होते आणि त्यांच्यामागे ओळीने बायका बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, हातोडीने दगड फोडत. इतक्या जणी एकसारख्या बसल्यावर माणूस सापडत नाही. तिनेच हाक मारली. मी खाली दगडावर बसलो. तिच्या हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या. सावली कुठेच नव्हती, चांदभाईने जीप थोडी पुढे घेऊन आमच्यासाठी उन्हाला आडोसा केला आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

"राहीबाई," मी म्हणालो, "तुम्हाला त्या दिवशी मी खोटं बोललो. ती नांदली नाही. माघारी आली."

तिने हातोडी खाली ठेवली. "काय खोट काढली?"

"पाण्याशिवाय राहत नाही."

तिने चिंध्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. मग फार हळू म्हणाली, "म्या पानी घातलं त्येचं चुकलं का वो?"

याचं उत्तर मी महिनाभर शोधत होतो. विज्ञानाचं उत्तर एका शब्दाचं आहे आणि ते खरं आहे. तिच्या हातांकडे बघून मला ते म्हणता येईना. दुसरं उत्तर म्हणालो तर पुन्हा तेच, गोड बोलणं. "चुकलं ते माझं," मी म्हणालो. "जे सांगायला नको होतं ते मी सांगितलं."

"तुमी काय वाईट सांगितलं न्हाई," ती म्हणाली. आणि मग, जणू मूळ मुद्दा बाजूलाच राहत होता तसं, "मग आता हाय कुठं ती?"

मी जीपमधून पिशवी आणली. तिने पिशवीकडे बघितलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या करड्या, भेगाळलेल्या रानाकडे बघितलं. तिची विहीर जून महिन्यातच आटली होती. स्टँडवर तिने मला काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. "न्यायची तर न्या, नाहीतर दळून खा," मी म्हटलं.

"असं कुटं असतंय," ती म्हणाली. "माघारी आली म्हनून माह्यार तुटतंय व्हय?"

ती उठली, खडीची भुकटी झटकली आणि पदर पसरला. शेजारच्या बायका हातोड्या थांबवून बघायला लागल्या. ओंजळ भरावी की पिशवीच उपडी करावी, मला कळेना. मी पिशवी उपडी केली. बी पदरात पडलं, थोडं खडीत सांडलं, ते तिने वाकून वेचलं. मग पदर दोन्ही हातांनी आवळून ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. दोन वर्षांपूर्वी मांडवात उभी होती तशी. मी काहीतरी म्हणेन म्हणून ती थांबली होती. मी काही म्हणालो नाही.

मग तीच म्हणाली, "जपते की. सांगायला लागतंय व्हय?"